किती ते पुरे, कुठे ते लिहा

प्रति,
मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढणारे युरोलॉजिस्ट, तिच्या स्लाइड वाचणारे पॅथॉलॉजिस्ट आणि त्या अहवालावरून औषध ठरवणारे ऑन्कोलॉजिस्ट यांस,

स. न. वि. वि.

'ई-कॅडहेरिन पॉझिटिव्ह, पी५३ निगेटिव्ह, पीडी-एल१ १५ टक्के.' गाठीतल्या तीन प्रथिनांविषयी तीन ओळी, खाली सही आणि शिक्का. हा कर्करोग भिंतीत खोल उतरेल का, लसिकाग्रंथींकडे निघाला आहे का, कोणते औषध त्याला लागू पडेल, यातले काहीच या तीन ओळींवरून सांगता येत नाही. अहवाल खोटा असतो असे नाही. तो अर्धा असतो. या रोगात एखादे प्रथिन किती आहे याहून ते पेशीच्या कोणत्या भागात आहे, कोणत्या जातीच्या पेशीत आहे आणि गाठीच्या कोणत्या कडेला आहे, याला जास्त मोल आहे. आमची मागणी एवढीच: अहवालात 'कुठे' लिहा, आणि ते लिहिता येईल असा तुकडा प्रयोगशाळेत पोचवा.

भिंतीची रचना आपल्याला पाठ आहे. पण पत्र खुले आहे, इतरही वाचतील, म्हणून दोन शब्द. मूत्राशयाला आतून युरोथेलियमचे अस्तर असते, पाच-सात पेशींच्या जाडीचे. त्याखाली तळपटल हा प्रथिनांचा पातळ पापुद्रा, त्याखाली सैल ऊतींची लॅमिना प्रोप्रिया, मग डेट्रुसर हा जाड स्नायू आणि सर्वांत बाहेर चरबी. गाठ अस्तरातच असेल तर टीए, पापुद्रा फोडून लॅमिना प्रोप्रियात उतरली तर टी१, डेट्रुसरमध्ये शिरली तर टी२, चरबीत पोचली तर टी३. निदान होते तेव्हा चारांतल्या साधारण तीन रुग्णांत रोग स्नायूच्या अलीकडे असतो. टी१ आणि टी२ यांत अंतर काही मिलिमीटरचे. पण अलीकडे मूत्राशयात बीसीजी (क्षयरोगाच्या लशीतले, प्रतिकारशक्ती चेतवणारे जंतू) सोडणे असते आणि पलीकडे मूत्राशय काढून टाकणे किंवा केमोथेरपीसोबत रेडिएशन. हे अंतर कापायला पेशीला प्रथिने लागतात: शेजारणीची पकड सोडायला, पापुद्रा कापायला, रांगायला, लसिकावाहिनीत शिरायला आणि वाटेत प्रतिकारशक्तीला चुकवायला.

पकडीपासून सुरुवात करू. ई-कॅडहेरिन पेशीपटलात आरपार बसलेले असते. त्याचे बाहेरचे टोक कॅल्शियमच्या आधाराने शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला अडकते; आतले टोक बीटा-कॅटेनिन आणि आल्फा-कॅटेनिनमार्फत ॲक्टिनच्या सांगाड्याला बांधलेले असते. निरोगी अस्तरात त्याचा स्टेन केला, म्हणजे त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीने ते रंगवले, की प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड दिसते, मधाच्या पोळ्यासारखी. स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब१ ही नियंत्रक प्रथिने वाढली की ई-कॅडहेरिनचे जनुक बंद होते, पेशी लांबट होते, व्हिमेंटिन आणि एन-कॅडहेरिन ही रांगत्या पेशींची प्रथिने दिसू लागतात, आणि ती सुटी होऊन रांगते. पाठ्यपुस्तकात हे असे सरळ आहे. स्लाइडवर नाही. पुष्कळदा प्रथिन नाहीसे होत नाही, पटलावरून आत ओढले जाते. कड तुटते आणि पेशीद्रव्यात धुरकट ठिपके उरतात. रंग दिसला म्हणून अहवालात 'पॉझिटिव्ह' पडते. दाराची कडी काढून खिशात ठेवली आणि कडी घरातच आहे म्हणून दार बंद मानले, त्यातला हा प्रकार.

दुसरी फसगत जागेची. गाठीच्या मधल्या भागात कड शाबूत असते आणि भिंतीत घुसणाऱ्या आघाडीवर, शेवटच्या काही पेशींत, ती तुटलेली असते. सरासरी काढली तर '८० टक्के पॉझिटिव्ह' येते आणि ज्या २० टक्क्यांवरून पुढचे सगळे घडणार ते आकड्यात बुडते. आघाडी वेगळी पाहा, वेगळी लिहा. लसिकाग्रंथीत रुजलेल्या पेशी पुन्हा ई-कॅडहेरिन बनवू लागतात हेही लक्षात असू द्या. वस्ती करायची तर पकड परत हवी असते. म्हणून ग्रंथीतल्या गाठीवर स्वच्छ कड दिसली तर ती सौम्यपणाची खूण समजू नये.

या कर्करोगाच्या प्लाझ्मासायटॉइड प्रकारात मात्र ई-कॅडहेरिन बहुधा खरोखरच गेलेले असते. सीडीएच१ या त्याच्या जनुकात असे बदल होतात की प्रथिन अर्धवट तुटून बनते. पेशी एकेकट्या, ओळीने, ऊतींच्या पदरांतून पसरतात आणि पोटाच्या आवरणापर्यंत जातात. दुर्बिणीतून कधी कधी गाठ अशी दिसतच नाही, नुसती जाड, लालसर भिंत दिसते. सीटी स्कॅनही रोग आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. इथे सापळा सीडी१३८ चा, म्हणजे प्लाझ्मा पेशी ओळखण्याच्या स्टेनचा. या पेशी त्या स्टेनला पॉझिटिव्ह येतात आणि दिसायलाही प्लाझ्मा पेशींसारख्या असतात, म्हणून निदान मायलोमाच्या, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या, वाटेला जाऊ शकते. सोबत गॅटा३ आणि सायटोकेराटिन हे अस्तराच्या पेशी ओळखणारे स्टेन केले की उलगडा होतो. 'प्लाझ्मासायटॉइड' हा शब्द अहवालाच्या तळटिपेत नको, पहिल्या ओळीत हवा, कारण शस्त्रक्रियेत कडा किती दूरवर तपासायच्या ते त्यावर ठरते.

आता कापण्याकडे. तळपटलाचा कणा म्हणजे चौथ्या प्रकारचे कोलॅजेन. ते तोडणारी कात्री एमएमपी-२ आणि एमएमपी-९. दोन्ही जस्ताच्या अणूवर चालतात आणि दोन्ही म्यानात घातलेल्या, निष्क्रिय रूपात तयार होतात. एमएमपी-२ चे म्यान काढण्याची रीत विलक्षण आहे. पेशीपटलावरचे एमटी१-एमएमपी हे प्रथिन टिम्प-२ ला पकडते, टिम्प-२ निष्क्रिय एमएमपी-२ ला धरून ठेवते, आणि शेजारचे मोकळे एमटी१-एमएमपी ते म्यान छाटते. टिम्प-२ हे खरे तर कात्रीला अडवणारे प्रथिन. पण थोडे असेल तर मदत करते आणि जास्त झाले की सगळ्या कात्र्या जखडून टाकते. 'टिम्प-२ वाढले, म्हणजे प्रसाराला आळा बसला' हे वाक्य शोधनिबंधांत सापडले की आमचा हात लाल पेनाकडे जातो.

एमएमपी-९ ची अडचण वेगळी. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या कणिकांत ते भरलेलेच असते. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल, नुकतेच बीसीजी दिले असेल किंवा गाठीचा पृष्ठभाग सडत असेल, तर लघवीतले आणि ऊतींतले एमएमपी-९ वाढणारच. त्यात कर्कपेशींचा वाटा किती ते एकूण आकड्यावरून कळत नाही. स्लाइडवर पेशीची जात ओळखता येते, लघवीच्या नळीत नाही. म्हणून हे दोन्ही स्टेन रोजच्या अहवालात घालू नका. उपचार त्यांवरून बदलत नाही, आणि अहवालात छापलेला आकडा रुग्ण मात्र वर्षानुवर्षे जपून ठेवतो.

लघवीतल्या प्रथिनांच्या तयार चाचण्यांचेही तेच. बीटीए चाचणी ज्या प्रथिनाला ओळखते ते रक्तातल्या कॉम्प्लिमेंट घटक एच या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनाच्या कुळातले आहे, त्यामुळे लघवीत नुसते रक्त असले तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एनएमपी२२ केंद्रकातले प्रथिन मोजते, आणि मरणाऱ्या कोणत्याही पेशीतून ते सुटते. संसर्ग, मुतखडा, नुकतीच आत घातलेली दुर्बीण, यांपैकी काही असेल तर चाचणी पुढे ढकला.

युरोलॉजिस्ट मित्रांनो, यापुढचे थोडे तुमच्यासाठी. वरची सगळी तपासणी ज्या तुकड्यावर होते तो दुर्बिणीतल्या तारेच्या लूपने, विजेने कापलेला असतो. उष्णतेने प्रथिने गोठतात, केंद्रके ताणून लांब होतात, पेशीपटले एकमेकांवर चिकटतात, आणि जळक्या कडेला अँटीबॉडी उगाचच चिकटून तपकिरी पट्टा उमटतो. टी१ की टी२ हे ज्या तळाशी ठरते, तोच तळ सर्वांत जास्त भाजलेला असतो. उपाय खर्चिक नाही. वरची गाठ काढून झाली की तळाचा भाग वेगळा कापा, वेगळ्या डबीत घाला आणि डबीवर 'तळ' असे लिहा. शक्य असेल तिथे तळातून एक तुकडा चिमट्याने, विजेशिवाय घ्या. गाठ लहान असेल आणि जागा सोयीची असेल तर ती अखंड काढा. मग आघाडी, तळ आणि कड कोणती हे स्लाइडवर ओळखता येते. तुकड्यांचा चुरा झाला की दिशा हरवते, आणि दिशा हरवली की 'कुठे' या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

तुकडा सलाइनमध्ये ठेवून नंतर फॉर्मालिनमध्ये टाकू, ही सवय मोडायला हवी. शरीराबाहेर आल्याबरोबर पेशीतली विकरे स्वतःचीच प्रथिने पचवू लागतात. पटलावरची कड आधी पुसट होते. तासाभराच्या आत तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जावा, आणि फॉर्मालिन तुकड्यांच्या किमान दहापट असावे. गच्च भरलेल्या डबीत मधले तुकडे कच्चेच राहतात. स्तनाच्या कर्करोगात हर-२ या पटलावरच्या प्रथिनाच्या तपासणीसाठी ६ ते ७२ तास हे बंधन घालून दिलेले आहे. मूत्राशयाच्या तुकड्यांनाही तेच पाळले तर नुकसान काही नाही. फॉर्मालिनमध्ये कमी वेळ राहिले तर पॅराफिनचा ब्लॉक (मेणाचा ठोकळा) बनवताना अल्कोहोलच प्रथिनांना गोठवते आणि स्टेन ठिगळांसारखा येतो; जास्त वेळ राहिले तर प्रथिनांत इतक्या गाठी पडतात की अँटीबॉडीला तिची जागा सापडत नाही, आणि आरएनएचेही तुकडे होतात. डबीवर दोन वेळा लिहा: तुकडा काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये घातल्याची. या दोन नोंदी नसतील तर स्टेन का बिघडला याचा शोध घेण्याला अर्थ राहत नाही.

स्नायू. 'स्नायू दिसतो' एवढे लिहून भागत नाही. लॅमिना प्रोप्रियातही मस्क्युलॅरिस म्युकोझी नावाचे बारीक, तुटक स्नायुतंतू असतात. गाठ त्यांत शिरली तरी ती टी१ च. डेस्मिन दोन्ही स्नायूंना रंगवते, म्हणून इथे कामाचे नाही. स्मूदेलिन डेट्रुसरला गडद आणि या बारीक तंतूंना फिके रंगवते. शंका असेल तेव्हा ते करा, पण नुसत्या फिक्या रंगावर निर्णय सोपवू नका, तंतूंची जाडी आणि जागाही पाहा. चरबी दिसली म्हणून टी३ लिहू नये, कारण चरबी लॅमिना प्रोप्रियातही सापडते. गाठ टी१ असेल, किंवा तुकड्यात डेट्रुसर आलाच नसेल, तर २ ते ६ आठवड्यांत पुन्हा खरवडून पाहायला हवे. याला अपवाद फक्त कमी दर्जाच्या (लो-ग्रेड, कमी आक्रमक दिसणाऱ्या) टीए गाठीचा आणि निव्वळ सीआयएसचा, म्हणजे अस्तरातच सपाट पसरलेल्या कर्करोगाचा. आंधळ्या तुकड्यावर प्रथिनांचे पाच स्टेन करण्यापेक्षा ही दुसरी खरवड कितीतरी जास्त सांगते.

पॅथॉलॉजिस्टांना पी५३ या पेशींची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाविषयी सांगावे लागते हे खरे तर नवल, पण चूक अजून होते. हा स्टेन तीन तऱ्हांनी दिसतो. काही केंद्रकांत फिका, कमीजास्त रंग दिसणे ही नेहमीची घडण. जवळपास प्रत्येक केंद्रक गडद असणे हा बहुधा बदललेल्या पी५३ चा पुरावा. बिघडलेले प्रथिन लवकर मोडत नाही आणि साचत जाते. आणि एकाही कर्कपेशीत रंग नसणे हेही बिघाडाचेच चिन्ह असू शकते, कारण जनुक इतके तुटलेले असते की प्रथिन बनतच नाही. ही तिसरी तऱ्हा 'निगेटिव्ह' या शब्दाखाली निरोगी ठरते. ओळखण्याची खूण त्याच स्लाइडवर असते: आसपासच्या लिम्फोसाइट आणि रक्तवाहिनीच्या पेशींत फिका रंग हवा. तो आहे आणि कर्कपेशी कोऱ्या आहेत, तर 'संपूर्ण अभाव' असे लिहा. तोही नाही, तर स्टेन फसला आहे, पुन्हा करा.

आणि पी५३ वरून केमोथेरपी ठरवू नका. मूत्राशय काढल्यानंतर गाठ टी१ किंवा टी२, ग्रंथी स्वच्छ आणि पी५३ पॉझिटिव्ह, अशा ११४ रुग्णांना चिठ्ठी टाकून एमव्हीएसी ही चार औषधांची केमोथेरपी किंवा नुसते निरीक्षण अशा दोन गटांत विभागणारी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा दिसला नाही, आणि पी५३ वरून भविष्य वर्तवता येते हा आधीचा दावाही तिथे टिकला नाही. १० टक्के केंद्रके रंगली की पॉझिटिव्ह, अशी रेघ त्यात आखलेली होती.

एफजीएफआर३ या, वाढीचा निरोप घेणाऱ्या पटलावरच्या प्रथिनाची गंमत उलटी आहे. सर्वांत जास्त आढळणाऱ्या बदलात २४९ व्या जागी सेरीनऐवजी सिस्टीन येते. दोन रेणूंतल्या सिस्टीनांचा गंधकाचा पूल बनतो, आणि बाहेरून निरोप न येताही जोडी जुळून वाढीचा संदेश चालू राहतो. एवढे असूनही हा बदल कमी दर्जाच्या टीए गाठींत सर्वाधिक सापडतो: परत परत उगवणाऱ्या, पण भिंतीत क्वचित उतरणाऱ्या. स्नायूत शिरलेल्या गाठींत तो पाचातल्या एकीत किंवा त्याहून थोड्या कमींत आढळतो. वाढणे आणि पसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. एफजीएफआर३ ला अडवणाऱ्या एर्डाफिटिनिब या औषधासाठी मात्र प्रथिनाचा स्टेन चालत नाही. जनुकातला बदल किंवा एफजीएफआर३-टॅक३ सारखी दोन जनुकांची जोडणी डीएनए-आरएनए तपासूनच दाखवावी लागते, आणि त्यासाठी फॉर्मालिनच्या वेळेची वरची नोंद हवीच.

पीडी-एल१ या प्रतिकारशक्तीला थोपवणाऱ्या प्रथिनाचा आकडा कोणत्या फूटपट्टीवर मोजला ते न लिहिता देणे म्हणजे एकक न लिहिता तापमान सांगणे. २२सी३ अँटीबॉडीवर सीपीएस हा एकत्रित गुण मोजतात: रंगलेल्या कर्कपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांची बेरीज, भागिले सगळ्या जिवंत कर्कपेशी, गुणिले १००, त्यासाठी किमान १०० जिवंत कर्कपेशी तुकड्यात हव्यात, आणि रेघ १० वर. एसपी१४२ वर प्रतिकारपेशींनी गाठीचे किती क्षेत्र व्यापले ते पाहतात. तिथली रेघ ५ टक्के. २८-८ वर मोजणी कर्कपेशींची, रेघ १ टक्का. मग सुरुवातीच्या त्या अहवालातले '१५ टक्के' कशाचे? अँटीबॉडी, मोजण्याची रीत आणि रंग कोणत्या पेशीत, या तीन गोष्टी लिहिल्या की प्रश्नच उरत नाही. सोबत लिम्फोसाइट कुठे आहेत तेही लिहा. ते गाठीच्या आत असणे आणि भोवतालच्या तंतुमय ऊतींत अडकून पडणे यांत मोठा फरक आहे. या दुसऱ्या स्थितीत भोवतालच्या फायब्रोब्लास्टांतला टीजीएफ-बीटा संदेश त्यांना रोखून धरतो, हे २०१८ मध्ये अटेझोलिझुमॅब हे पीडी-एल१ रोखणारे औषध दिलेल्या रुग्णांच्या याच कर्करोगातल्या गाठींवर दाखवले गेले.

लसिकावाहिनीत शिरल्याची नोंदही स्टेन करूनच करा. फॉर्मालिनमध्ये ऊती आक्रसते आणि कर्कपेशींच्या पुंजक्याभोवती रिकामी चीर पडते; ती हुबेहूब वाहिनीसारखी दिसते. डी२-४० ने अस्तर रंगले तर लसिकावाहिनी, सीडी३१ ने रंगले तर वाहिनी आहे एवढे नक्की. काहीच रंगले नाही तर ती चीर आहे. मायक्रोपॅपिलरी या बारीक पुंजक्यांच्या प्रकारात अशा चिरा जागोजागी असतात, आणि खरा शिरकावही तिथेच जास्त असतो. सोपे नाही.

आता औषधांची निशाणे. नेक्टिन-४ हेही पकडीचेच प्रथिन. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन हे विष जोडलेल्या अँटीबॉडीचे औषध त्याला बाहेरून पकडते, पेशी ते आत ओढून घेते आणि आत सुटलेले विष तिच्या सूक्ष्मनलिका मोडते. प्रथिन पटलावर नसेल तर अँटीबॉडीला पकडायला जागाच नाही. पेशीद्रव्यातला रंग इथे फुकट. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती नेक्टिन-४ तपासण्याच्या अटीशिवाय, कारण ते बहुतेक गाठींत असतेच असे दिसले होते. नंतर कळले की दूर पसरलेल्या गाठींत पटलावरचे नेक्टिन-४ पुष्कळदा कमी होते किंवा जाते. हेच प्रथिन त्वचेतही असते. पुरळ येते ते म्हणूनच. हर-२ च्या ३+ या सर्वोच्च गुणासाठी पटलावर गडद रंग हवा. जठराच्या कर्करोगाच्या पद्धतीने वाचले तर इंग्रजी 'यू' अक्षरासारखी, वरची बाजू कोरी असलेली कडही धरतात, स्तनाच्या पद्धतीने वाचले तर पूर्ण गोल कड मागतात. एकच स्लाइड, दोन निकाल. कोणती पद्धत वापरली ते छापा.

संशोधन करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. केयू७ नावाने मूत्राशयाच्या पेशी म्हणून वर्षानुवर्षे वापरलेल्या पेशी प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या निघाल्या, असे २०१३ मध्ये उघड झाले. ईसीव्ही३०४ रक्तवाहिनीच्या अस्तराच्या मानल्या जात. त्या निघाल्या मूत्राशयाच्या टी२४. त्याच टी२४, ज्यांत १९८२ मध्ये एचरास प्रथिनाच्या १२ व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन सापडले आणि एका अमिनो आम्लाच्या फरकाने पेशी बिघडू शकते हे माणसात पहिल्यांदा दिसले. प्रसारावरचा कोणताही प्रयोग सुरू करण्याआधी पेशींची एसटीआर (डीएनएच्या ठशांवरून) ओळखपरेड करा आणि तिचा निकाल निबंधासोबत जोडा.

रोग दूर पसरलेला असेल तेव्हा तीन-चार वर्षांपूर्वीच्या खरवडीचा ब्लॉक काढून त्यावर नेक्टिन-४ आणि हर-२ करू नका. जिथे औषध पोचवायचे आहे तिथला, यकृतातला, फुफ्फुसातला किंवा ग्रंथीतला ताजा तुकडा घ्या. हाडातला घ्यावा लागला तर कॅल्शियम काढायला तीव्र आम्ल वापरू नये. त्याने अँटीबॉडीच्या जागा आणि डीएनए दोन्ही खराब होतात. ईडीटीए या सौम्य रसायनाला काही दिवस जास्त लागतात. ते दिवस रुग्णाला आधीच सांगून ठेवा, आणि विनंतिपत्रावर 'हाड, ईडीटीए' असे ठळक लिहा, नाहीतर तुकडा नेहमीच्या आम्लाच्या भांड्यात जातो.

आपले,
ट्यूमर बोर्डात हे अहवाल वाचणारे काही सहकारी